परत पाठवलेलं खापर

शैलेंद्र पांढरीपांडे खोटं बोलत नाही हे मिशिगनमधल्या ट्रॉय गावातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्याचा सगळ्यांना थोडा त्रासही होतो. मंडळाच्या गणपतीत मसालेभात उरला, तर हा माइक हातात घेऊन "अंदाज माझा चुकला" असं सांगणार. कुणी विचारलेलं नसतं. पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीला ओरखडा पडला, तर वायपरखाली चिठ्ठी ठेवणार, आणि चिठ्ठीत ओरखडा केवढा आहे तेही लिहिणार. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, समोरच्याला तो दिसणारच आहे." तर म्हणतो, "रेखाताई, दिसायच्या आधी आपण सांगितलेलं बरं असतं."

हे त्याच्या नोकरीतून आलं. तो मूळचा नागपूरचा. इथे गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटी विभागात होता, निवृत्त होईपर्यंत. परत आलेला खराब भाग हातात घ्यायचा आणि मागे मागे जात तो कुठल्या कारखान्यात, कुठल्या पाळीत, कुठल्या मशीनवर झाला ते शोधायचं, हे त्याचं काम. प्रत्येक भागावर बारीक आकडा कोरलेला असतो. तो वाचता आला की त्या तुकड्याची सगळी कुंडली हातात येते. आणि दोष सापडला तर दुसऱ्यानं बोट दाखवायच्या आत आपण जाहीर करायचा, हा तिथला नियम. ऑफिसातले गोरे त्याला 'शेल' म्हणायचे, कारण पांढरीपांडे म्हणायला लागले तर मीटिंग संपायची.

मी त्यांची नात्यानं कुणी नाही. दोन घरं सोडून राहते, इतकंच. पण त्याची बायको नीला बाळंत झाली तेव्हा तिची आई व्हिसा न मिळाल्यामुळे येऊ शकली नाही, म्हणून डिंकाचे लाडू मी केले, आणि ते दगडासारखे झाले हे नीला अजून सांगते. तेव्हा झालेली मुलगी म्हणजे अनिका. मी तिची रेखामावशी.

अनिकानं इंजिनियर व्हावं अशी शैलेंद्रची इच्छा होती, असं लिहिलं की गोष्ट सोपी होते, पण तसं काही नव्हतं. त्याची काहीच इच्छा नव्हती. मुलगी जे करील ते नीट करावं, बास. तिनं पुरातत्त्व घेतलं. त्यातही राजवाडे, पुतळे, सोनं यातलं काही नाही. ग्रीसमध्ये एक गाव आहे, त्याचं नाव मला कधीच नीट उच्चारता आलं नाही. पूर्वी तिथे मोठं शहर होतं, देवळं, नाट्यगृह, तटबंदी असलेलं. मग ते आक्रसत गेलं, आणि मधल्या काळात एका चौकोनी बुरुजाभोवती चार घरं उरली. आता वर जैतुनाची झाडं आणि कापसाची शेतं. तिथे इथल्या विद्यापीठाची माणसं दर उन्हाळ्यात पाहणीला जात. खणायचं नाही. ओळीनं उभं राहायचं, एकमेकांपासून ठरावीक अंतरावर, आणि खाली मान घालून शेत चालायचं. पायाखाली जितकी फुटकी मडकी दिसतील तितक्या वेळा हातातलं मोजणीचं बटण दाबायचं. थोडे तुकडे उचलून पिशवीत घालायचे. कुठे तुकडे दाट, कुठे विरळ, यावरून शहर कुठवर पसरलं होतं आणि कधी मिटत गेलं ते नकाशावर उतरतं. तुकडे मात्र त्या देशाबाहेर न्यायचे नाहीत. एकही नाही. नेला तर सगळ्या पाहणीची परवानगी जाऊ शकते.

"म्हणजे तू उन्हातान्हात खापरं वेचतेस," मी तिला म्हटलं.

"खापरं?" तिला शब्द नवा होता. मी अर्थ सांगितला. मग तिला आठवलं, "वेट, मावशी, पणजीच्या आईला पण आपण खापरपणजीच म्हणतो ना?"

"हो."

"सो माय ग्रेट-ग्रेट-ग्रँडमदर इज अ पॉटशर्ड." खूप हसली. नंतर कुणी तिला काम विचारलं की मराठीत सांगायची, "मी खापरपणज्या गोळा करते." त्यातही तिचा विषय होता स्वयंपाकाची साधी भांडी, मधल्या काळातली, ज्यांच्यावर ना चित्र ना चकाकी. इतर लोक ती बाजूला सारायचे. ती म्हणायची, भाजी कशात शिजली हे कळलं नाही तर गाव काय कळलं?

तीन वर्षांपूर्वी जानेवारीत, ॲन आर्बरच्या विद्यापीठातून घरी येताना रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या काळ्या बर्फावर तिची गाडी घसरली. ती एकोणतीस वर्षांची होती. ब्रेकला काही झालेलं नव्हतं. शैलेंद्रनं ते तपासून घेतलं होतं, हे मला त्याच्या मित्राकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

त्या काळाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. लोक आले, डबे आले, कुणीतरी भगवद्गीतेचं ॲप पाठवलं. नीला रडली. शैलेंद्रनं कागदपत्रं केली. रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते लोकांना थोडंफार ठाऊक असतं, कागदपत्रं करणाऱ्याला काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे त्याला कुणी काही म्हटलं नाही. मीही त्याला फक्त बर्फ काढायचं मशीन मागायला जायची, म्हणजे त्याला माझ्या दारापर्यंत यावं लागायचं.

पाहणीच्या प्रमुख प्राध्यापक कोवाल्स्कीबाई घरी येऊन गेल्या. उंच, पाठीत वाकलेल्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी सांगितलं की पाहणीचा ग्रंथ तयार होतोय, त्यात साध्या भांड्यांवरचं प्रकरण अनिकाचं आहे, लिहून पूर्ण झालेलं आहे आणि तिच्याच नावानं छापलं जाईल. नीलानं पुन्हा विचारून घेतलं, "तिच्या एकटीच्या नावानं?" बाई म्हणाल्या, "तिच्या एकटीच्या." त्या दिवसापासून नीला त्या ग्रंथावर जगायला लागली. कधी येणार, मुखपृष्ठ कसलं, आत नाव कुठे असेल. पांढरीपांडे पूर्ण छापतील ना, की काटछाट करतील? माझ्याकडे चहाला आली की हेच. मी कंटाळायची, पण गप्प ऐकायची. गप्प बसणं मला जमत नाही, तेव्हा ते माझ्याकडून होत होतं यावरून समजा.

मग पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये शैलेंद्रनं तळघरातलं तिचं सामान आवरायला काढलं. नीला तिकडे उतरत नसे. कामावरचे बूट, उन्हाची टोपी, आणि एक खाकी पाठपिशवी. पिशवीच्या आतल्या चेनच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेला एक तुकडा निघाला. लालसर, तळहाताएवढा, मडक्याच्या काठाचा. बाहेरून दोन रेघा आणि मधे नखानं दाबल्यासारख्या खुणा. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाची छोटी पट्टी आणि तिच्यावर काळ्या शाईत, अनिकाच्या अक्षरात, 'N 4'.

आता दुसरा कुणी बाप असता तर त्यानं तो तुकडा छातीशी धरला असता. किंवा उशाशी ठेवला असता. किंवा निदान बायकोला हाक मारली असती. शैलेंद्रनं आकडा वाचला. पट्टीवर नंबर घातलेला तुकडा म्हणजे नोंदीतला तुकडा, हे तो तिच्याकडूनच शिकला होता. नोंदीतला तुकडा त्या देशात असायला हवा, आणि हा ट्रॉय, मिशिगनच्या तळघरात होता. म्हणजे पोरीनं आणला. त्याच्या डोक्यात सरळ रेघ निघाली.

त्यानं काय केलं असेल? त्यानं आधी सांगितलं. दुसऱ्यानं बोट दाखवायच्या आत. तुकडा फोममध्ये बसवून कुरियरनं थेट ग्रीसमधल्या पुरातत्त्वाच्या सरकारी कचेरीला धाडला, सोबत पत्र. आपल्या दिवंगत मुलीनं ही वस्तू बाहेर आणली असावी, तिच्या वतीनं आपण क्षमा मागतो, यात तिच्या सहकाऱ्यांचा दोष नाही. प्रत कोवाल्स्कीबाईंना. नीलाला एक अक्षर सांगितलं नाही. तिला त्रास नको म्हणून. हे "त्रास नको" प्रकरण मला अजिबात पटत नाही. आपल्याला सांगायला जड जातं ते न सांगणं, आणि वर ते दुसऱ्याच्या भल्यासाठी, असा तो हिशेब असतो.

व्हायचं ते झालं. तिकडून पाहणीला विचारणा आली. चौकशी पूर्ण होईपर्यंत अनिकाचं प्रकरण बाजूला ठेवावं लागेल असं ठरलं. कोवाल्स्कीबाईंनी हे सांगायला घरी फोन केला, आणि फोन नीलानं उचलला.

मी त्या दिवशी तिथेच होते, कढीपत्ता मागायला गेले होते. नीलाच्या खिडकीत कढीपत्त्याचं रोप आहे, मिशिगनच्या थंडीत तिनं ते कसं जगवलंय ते तीच जाणे. फोनवर ती फक्त "येस, येस" करत होती. मग म्हणाली, "व्हॉट पीस?" आणि ऐकत राहिली. फोन ठेवला. शैलेंद्र हॉलमध्ये टॅक्सची कागदं घेऊन बसला होता.

"काय पाठवलं तुम्ही?" ती म्हणाली.

त्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. विचारलं की तो लपवत नाहीच.

"दाखवा. फोटो काढला असंल ना तुम्ही? तुम्ही फोटो काढल्याबिगर काही करत नाही."

काढला होता. चारही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. नीलानं फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला, आणि लगेच म्हणाली, "हा माझा माठ आहे."

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.

"माझा माठ. नागपूरहून साड्यांत गुंडाळून आणला होता, बाबा वारले त्या वर्षी. सिंकशेजारी ठेवला होता. एवढी वर्षं तुम्ही त्यातलं पाणी प्यायलात."

माठ फुटला होता, नळाखाली धुताना तिच्याच हातून. अनिका म्हणाली, आई, टाकू नकोस, मला दे. विद्यार्थ्यांना ग्रीसला नेण्याआधी ती इथेच, गावाबाहेरच्या कापलेल्या मक्याच्या शेतात त्यांचा सराव घ्यायची. आधी आपणच तुकडे पेरून ठेवायचे, मग पोरांना ओळीनं चालवायचं, आणि पेरलेल्यांतले किती सापडतात ते बघायचं. त्यावरून कुणाची नजर कशी आहे ते कळतं. पेरलेला तुकडा ओळखू यावा म्हणून त्यावर खूण. N म्हणजे नागपूर. नीला एकदा सगळ्यांसाठी पोहे घेऊन त्या शेतावर गेलीही होती. शैलेंद्र त्या शनिवारी कामावर होता.

"मला विचारायचं होतं," नीला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वर येऊन एकदा विचारायचं होतं, नीला, हे काय आहे. तळघरातून वर यायला कितीक पायऱ्या आहेत?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं आपल्या पोरीनं चोरी केली. ती गेली, तिला बोलता येत नाही, आणि तू तिच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झालास."

इतकी वर्षं 'अहो' आणि 'तुम्ही' करणारी बाई त्या दिवशी 'तू'वर आली. शैलेंद्र कागदं एकावर एक नीट लावत बसला. मी कढीपत्ता न घेताच घरी आले.

निस्तरणं अवघड नव्हतं. नीलानं सही करून लिहून दिलं की हे भांडं माझं आहे, नागपूरच्या इतवारीतल्या कुंभाराकडून घेतलेलं. सराव घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी एकानं आपल्याकडचे फोटो दिले, त्यांत N 1 पासूनचे तुकडे मक्याच्या खुंटांत पडलेले दिसत होते. शैलेंद्रनंही लिहून द्यायचं होतं. तो मसुदा घेऊन माझ्याकडे आला. तीन पानं. दोष कसा उद्भवला, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल. मी पेन्सिल घेतली आणि सगळं खोडलं.

"शैलेंद्र, हे ब्रेकचं प्रकरण नाही. एक ओळ लिही."

"काय लिहू?"

"माझ्या मुलीनं काही घेतलेलं नाही. तसं म्हणालो ती माझी चूक. संपलं."

त्याला ती ओळ लिहायला त्या तीन पानांपेक्षा जास्त वेळ लागला.

उन्हाळ्याच्या शेवटी कोवाल्स्कीबाई पुन्हा घरी आल्या. मला नीलानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. घरात तेव्हा पुन्हा 'तुम्ही' सुरू झालं होतं, आणि मला ते त्या दिवशीच्या 'तू'पेक्षा वाईट वाटलं. "चहा घेता का तुम्ही", "पाहुण्यांना खुर्ची द्या तुम्ही". हॉटेलात बोलतात तसं.

बाईंनी सांगितलं, चौकशी मिटली, प्रकरण जागच्या जागी आहे, नाव पूर्ण, पांढरीपांडे, एकही अक्षर कमी नाही. नीलानं त्यांचे दोन्ही हात धरले. मग शैलेंद्रनं विचारलं. इंग्रजीत, अगदी सभ्यपणे, मीटिंगमध्ये विचारतात तसं. त्याचं पत्र मिळाल्यावर त्यांना एकदा तरी वाटलं होतं का, की अनिकानं तो तुकडा घेतला असेल?

बाईंना प्रश्न कळायला क्षणभर लागला. "अनिका?" त्या म्हणाल्या. "नो. नॉट फॉर अ मिनिट. नोबडी डिड." आणि मग, धीर द्यायचा म्हणून बिचाऱ्या पुढे बोलत राहिल्या. पाहणीतल्या पोरांनी कसं म्हटलं की हे शक्यच नाही, पत्र लिहिणाऱ्याचीच काहीतरी गफलत आहे. गावातल्या कॉफीवाल्यानंसुद्धा तेच सांगितलं. कचेरीतली बाई तर हसली होती, कारण अनिकाच तिच्याकडे एकदा पँटच्या दुमडीत अडकून आलेला नखाएवढा तुकडा परत द्यायला गेली होती, दोन तास बसमधून.

त्यांना वाटलं, हे ऐकून बापाला बरं वाटेल. मला त्यांना थांबवायचं होतं, पण कसं थांबवणार? शैलेंद्र मान हलवत सगळं ऐकत होता. सगळ्या जगात एकाच माणसाला ते खरं वाटलं होतं. तो उठून बाईंसाठी पाणी आणायला आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. नीला त्याला बघायला उठली नाही. मीच गेले. तो सिंकपाशी उभा होता, ग्लास भरून वाहत होता. मी नळ बंद केला.

तुकडा तिकडेच होता. कुरियरनं परत पाठवायला ते तयार नव्हते. एकदा पुरातन वस्तू म्हणून आत आलेली गोष्ट बाहेर काढायची तर मालकानं समक्ष येऊन ओळख पटवून न्यावी, असं उत्तर आलं. नीला म्हणाली, मी जाते. मी विचारलं, एकटी? तिनं भाजी चिरता चिरता त्याच्याकडे न बघता म्हटलं, "त्यांना यायचं असंल तर येऊ द्या. पण तिथं काही बोलू नका म्हणा."

तो समोरच बसला होता.

गेल्या मे महिन्यात दोघं गेले आणि आठवड्यानं परत आले. तुकडा आता नीलाच्या कपाटात, साड्यांत आहे. तिनं मला कापसाचं शेत आणि बुरुजाचे फोटो दाखवले. त्या कॉफीवाल्यानं पैसे घेतले नाहीत, तेही सांगितलं. शैलेंद्रनं काहीच सांगितलं नाही, म्हणून एका दुपारी मी सरळ विचारलं. तो माझ्या छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढला होता. खाली उतरला, हातमोजे काढले.

"एका ट्रेमध्ये ठेवलं होतं त्यांनी," तो म्हणाला. "तिथल्याच बाकीच्या तुकड्यांबरोबर. सगळे पालथे, आतले आकडे दिसत नव्हते. त्या बाईनं ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, तुमचं कुठलं ते सांगा."

"मग?"

"नीलानं उचललं. बघितलंसुद्धा नाही नीट. हात घातला आणि उचललं."

"बरं झालं की."

"रेखाताई, मला ओळखता आलं नसतं. मी तिच्या आधीच बघत होतो. सगळे सारखेच दिसत होते. तशाच रेघा, तशाच खुणा. मला विचारलं असतं तर मी चुकीचं उचललं असतं."

"नीलानं विचारलं तुला?"

"नाही."

तिनं त्याला सांभाळून घ्यायचं म्हणून विचारलं नाही, की त्याला विचारावं असं तिच्या मनातच आलं नाही, हे त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, मग जाऊन विचार तिला. त्यानं शिडी दुमडली, गॅरेजच्या भिंतीला लावली, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूची पन्हळ करतो असं म्हणाला.